नव्या एसयूव्हीचं ॲव्हरेज पडतंय: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

दसरा-दिवाळीला घेतलेल्या गाड्या माझ्या गॅरेजच्या दारात साधारण फेब्रुवारीत येऊन उभ्या राहतात. पहिली फ्री सर्व्हिसिंग झालेली असते, सीटवरचं प्लास्टिक नुकतंच निघालेलं असतं. चावी हातात देतानाच मालक म्हणतात, "शोरूममध्ये एकवीस सांगितलं होतं, बारा देते. इंजिनातच काहीतरी आहे." साताऱ्यात वीस वर्षं हेच काम करतोय, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच आहे. यातल्या बहुतेक गाड्यांच्या इंजिनाला हात लावावा लागत नाही. काही मात्र खरंच आजारी असतात. त्या वेळेत ओळखल्या नाहीत तर थोडक्यात भागणारं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं. म्हणून आधी स्वस्तातलं आणि सोपं, मग अवघड, या क्रमाने लिहितोय.

लक्षणं

यातलं तुमच्या गाडीला काय लागू पडतं ते आधी बघा, कारण पुढची दिशा त्यावर ठरते.

- पहिल्या दिवसापासूनच कंपनीच्या आकड्यापेक्षा बरंच कमी मिळतंय.
- आधी चांगलं मिळत होतं, दोन-चार महिन्यांत हळूहळू उतरलं.
- एकाच आठवड्यात अचानक पडलं.
- हायवेला ठीक, गावात फारच कमी.
- टाकी फुल्ल केल्यावर स्क्रीनवर आधी ७०० किलोमीटर रेंज दिसायची, आता ५५० दिसते.
- ॲव्हरेजबरोबर आणखी काहीतरी जाणवतं: गाडी ओढत नाही, जड चालते, बंद केल्यावरही फॅन चालू राहतो, जळका वास येतो.

पहिलं आणि चौथं असेल तर बहुधा दोष गाडीत नाही. दुसऱ्यात साधी देखभाल राहून गेलेली असते. पाचव्याचं उत्तर लगेच खालच्या हिशेबात आहे. तिसरं आणि शेवटचं असेल तर खालचं सगळं वाचाच.

सगळ्यात आधी हिशेब

स्क्रीनवरचं ॲव्हरेज हा अंदाज असतो. इंजिनात इंधन फवारणारे इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले त्यावरून कॉम्प्युटर तो काढतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांत तो खऱ्यापेक्षा थोडा वर दिसला, काहींत खाली. रेंजचा आकडा तर त्या अंदाजावरचा अंदाज. तुम्ही गेल्या काही किलोमीटरात गाडी कशी चालवली त्यावर तो हलतो. यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचलात की ८० किलोमीटर कमी झालेले दिसतील आणि परत खाली उतरलात की त्यातले तीस-चाळीस परत मिळालेले दिसतील. टाकीला भोक पडलेलं नसतं. चढावरचा खर्चच पुढेही होणार असं कॉम्प्युटर धरून चालतो, एवढंच.

खरा आकडा टाकी-टू-टाकीच निघतो. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा. त्या पहिल्या 'टक्' आवाजाला थांबायचं. पंपावरचा पोरगा "आणखी राऊंड करू का?" विचारेल, नाही म्हणा. त्या जादाच्या लिटर-अर्ध्या लिटरने हिशेब चुकतो, आणि पेट्रोल गाडीत काठोकाठ भरल्याने वाफ शोषून घेणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल जाऊन तो खराब होऊ शकतो. ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी तसंच भरा आणि झालेले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागा. ५१२ किलोमीटर झाले, ३८.४ लिटर बसलं, तर १३.३.

एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन टाक्या लिहा. प्रत्येकीपुढे दोन शब्द: "गावात", "पुणे-सातारा", "महाबळेश्वर, पाच माणसं". माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी ही वही विचारतो. वही नसेल तर तीन टाक्यांनी या, असं सांगून परत पाठवतो. याचा राग येतो लोकांना. पण मोजल्याशिवाय गाडी उघडणं म्हणजे ताप न बघता औषध देणं, आणि ते मी करणार नाही.

याच टप्प्यावर एक गोष्ट बघून घ्या: टायर बदललेत का? दिसायला भारी म्हणून मोठ्या घेराचे टायर टाकले की चाकाचे फेरे कमी होतात. ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर मोजतो आणि कागदावर ॲव्हरेज पडतं. वर रुंद आणि जड टायरमुळे खरंही थोडं पडतं ते वेगळंच.

कंपनीचा आकडा कसा निघतो

आपल्याकडे जाहिरातीत येतो तो प्रमाणित आकडा एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीतून येतो. गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर उभी असते. ठरलेली वीसेक मिनिटांची, सुमारे साडेदहा किलोमीटरची चाल. कमाल वेग ९० आणि सरासरी ३२च्या आसपास. एसी बंद. वारा नाही, चढ नाही, स्पीडब्रेकर नाही. सगळ्या गाड्यांना एकच कसोटी लावता यावी म्हणून ती तशी आहे, आणि दोन गाड्यांची तुलना करायला ती उपयोगाचीही आहे. पण पोवई नाक्यावरून कोरेगावला ऊसाच्या ट्रॉल्यांमागे जाणाऱ्या गाडीने तोच आकडा द्यावा ही अपेक्षा चुकीची.

माझा आडाखा असा: गाव आणि हायवे मिळून कंपनीच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास येत असेल तर गाडी निरोगी आहे. नुसतं गावात आणि ऑटोमॅटिक असेल तर निम्म्याच्या थोडं वरही येऊ शकतं. गाडी अगदी नवी असेल तर पहिले चार-पाच हजार किलोमीटर होऊ द्या. इंजिन, गिअर, बेअरिंग सगळं बसायला वेळ लागतो आणि तेवढ्यात ॲव्हरेज आपसूक थोडं वर येतं.

हवा, कॅरिअर आणि फोर-व्हील

टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी बघायची. गरम टायरमध्ये प्रेशर वाढलेलं दिसतं आणि मग कमी हवा सुद्धा बरोबर वाटते. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, कमी माणसांसाठी वेगळं आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळं. "सगळ्यांत बत्तीस टाक" हे टायरवाल्याला सांगायचं वाक्य नाही. हवा कमी असेल तर टायर जमिनीवर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्यात त्याचं रबर मळलं जातं, आणि ते मळायला लागणारी ताकद तुमच्या टाकीतून जाते. हे काम जवळपास फुकट आहे, आणि तरी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच.

टपावरचं कॅरिअर रिकामं असलं तरी काढून ठेवा. एसयूव्ही आधीच उंच आणि चौकोनी, तिला हवा कापायलाच जास्त जोर लागतो. पुढे लोखंडी बुलबार असेल तर तोही काढा. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी घातलीये आणि एअरबॅगच्या सेन्सरला तो अडथळा ठरतो.

ज्यांच्या गाडीला फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर किंवा नॉब आहे त्यांनी तो आत्ता जाऊन बघावा. पावसाळ्यात कासच्या बाजूला चिखलात फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा मोड, लावलं आणि महिनाभर तसंच राहिलं, अशा गाड्या मी बघितल्यात. डांबरी रस्त्यावर त्याने टायर घासतात, वळताना गाडी अडखळते, ॲव्हरेज जातं आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

रस्ता आणि पाय

इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण आपल्या जिल्ह्यात ॲव्हरेजचा निम्मा जमाखर्च जमिनीच्या उंचीत आहे.

वाईहून पसरणी घाट चढून महाबळेश्वरला जाताना गाडी सहाशेहून जास्त मीटर वर जाते. पाच माणसं आणि सामान धरून गाडी दोन टनांची. एवढं वजन तेवढ्या उंचीवर नुसतं उचलायलाच, इंजिनातली उष्णतेची गळती धरून, पाऊण ते एक लिटर डिझेल लागतं. घाटाचं अंतर वीस-तीस किलोमीटरचं. म्हणजे एरवी पंधरा देणारी गाडी चढताना नऊ-दहा दाखवणार, आणि ते बरोबरच आहे. पुण्याचंही तसंच. सातारा पुण्यापेक्षा जवळपास पावणेदोनशे मीटर उंच आहे. जाताना मिळालेलं ॲव्हरेज येताना मिळणार नाही. जाऊन-येऊन मिळून मोजा.

उतरताना न्यूट्रल करू नका. पूर्वीच्या गाड्यांची ती सवय आहे आणि ती आता दोन्हीकडून तोट्याची आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंधन जवळपास पूर्ण बंद करतो, चाकंच इंजिन फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जात राहतं. शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. पसरणीच्या उतारावर ब्रेक तापून पॅडल खाली गेलं तर ॲव्हरेजचा विचार करायला कोणी उरत नाही. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा.

वेगाचं गणित सरळ आहे: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वेग दीडपट, विरोध सव्वादोन पट. आनेवाडी टोल सुटला की जे १२० धरतात ते आणि जे ८५-९० वर शांत जातात ते, यांच्या वह्यांत मला लिटरमागे तीन-चार किलोमीटरचा फरक दिसतो, गाडी तीच असून. आणि एसी लावून उभी गाडी: डिझेल एसयूव्ही तासाला पाऊण-एक लिटर पिते, शून्य किलोमीटरसाठी. शाळा सुटायची वाट बघत रोज वीस मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर महिन्याला सहा-सात लिटर तिथेच गेले.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी इंधन

आता पंपावर मिळतं ते ई-२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा मुळातच कमी. नवी गाडी त्यासाठीच बनवलेली असल्यामुळे तिला त्रास होत नाही आणि काही तूट ती भरूनही काढते. पण जुन्या गाडीच्या दहा वर्षांपूर्वीच्या ॲव्हरेजशी तुलना करू नका.

मापाचा संशय असेल तर भांडू नका. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप असतं आणि ते भरून दाखवा असं म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे.

चाकाला हात लावून बघा

सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर, शक्यतो कमी ब्रेक मारत चालवा आणि थांबा. चारही चाकांच्या रिमजवळ हाताचा मागचा भाग न्या. टेकवू नका, जवळ न्या. चारही सारखीच कोमट हवीत. एखादं वेगळंच तापलेलं असेल तर तिथे ब्रेक धरून राहतोय.

गेल्या श्रावणात ठोसेघरच्या रस्त्यावरचे एक काका आले होते. गाडी आठ महिन्यांची. ॲव्हरेज सोळावरून अकरावर, आठवड्याभरात. इंजेक्टर साफ करून द्या म्हणत होते. मी गाडी थांबवली आणि बाटलीतलं पाणी चारही रिमवर शिंपडलं. तीन चाकांवरून ते ओघळून गेलं. मागच्या डाव्या चाकावर चर्रर्र करून उडालं. झालं असं होतं की हँडब्रेक लावून गाडी चार दिवस पावसात उभी होती, ब्रेकच्या ड्रमला गंज धरला आणि आतलं लायनर चिकटून बसलं. गाडी तो ब्रेक ओढतच रोज साताऱ्याला येत होती. गाडी वॉरंटीत, म्हणून सर्व्हिस सेंटरकडून ड्रम खोलून साफ करून घेतला, केबल मोकळी करून घेतली, अर्ध्या दिवसाचं काम. इंजेक्टर साफ केले असते तर पैसे गेले असते आणि पुढच्या घाटात ते चाक पेटलंही असतं.

असं तापलेलं चाक सापडलं तर गाडी पुढे नेऊ नका. ब्रेक हे घरी खोलायचं काम नाही, जवळच्या जाणत्या मेकॅनिकला बोलवा.

टायर एका कडेने जास्त झिजत असेल किंवा सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं धरावं लागत असेल तर अलाइनमेंट करून घ्या. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाआधीच भरतो. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारून तो साफ करू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोत जाते. बदलाच.

डिझेल गाडी आणि डीपीएफ

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, बसला. अचानक ॲव्हरेज पडणाऱ्या नव्या गाड्यांत मला हेच सगळ्यात जास्त दिसतं.

फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते. त्यासाठी जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवला जातो. याला रीजनरेशन म्हणतात. गाडी हायवेला सलग पंधरा-वीस मिनिटं चालली की ते पूर्ण होतं, तुम्हाला कळतही नाही. पण गाडी जर रोज शाहूपुरी ते एमआयडीसी अशी पाच-सहा किलोमीटरच जात असेल, तर जाळायला सुरुवात होते, तेवढ्यात ऑफिस येतं, चावी बंद. संध्याकाळी परत सुरुवात, परत अर्धवट. प्रत्येक वेळी जादा डिझेल खर्च, आणि काजळी तिथेच.

हे चालू असताना ओळखता येतं. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर असतो, त्या क्षणाचं ॲव्हरेज एकदम खाली दिसतं, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, बंद केल्यावरही फॅन जोरात चालू राहतो, खालून गरम वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर गाडी बंद करू नका, हायवेला एक चक्कर मारून या. आणि वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर तर अजिबात उभी करू नका. खालचा पाइप प्रचंड तापलेला असतो.

आता एक तपासणी अशी आहे जी प्रत्येक डिझेलवाल्याने महिन्यातून एकदा करावी. सपाट जागा, थंड इंजिन, ऑइलची पट्टी बाहेर काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. बहुतेकांना वाटतं, कमी झालं तरच काळजी. इथे उलट आहे. रीजनरेशन अर्धवट राहत गेलं की न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि पातळी वाढते. परवाच्या जानेवारीत एका शिक्षिकांची गाडी आली. घर ते शाळा चार किलोमीटर, ॲव्हरेज नऊ. पट्टी काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. बोटांत चोळून बघितलं तर पाण्यासारखं पातळ आणि नाकाजवळ नेल्यावर स्पष्ट डिझेलचा वास. त्या ऑइलवर बेअरिंग फार काळ टिकत नाहीत. गाडी मी चालू केली नाही, मॅडमना सर्व्हिस सेंटरला फोन लावायला सांगितला. ऑइल आणि फिल्टर बदलले, स्कॅनर लावून रीजनरेशन करून घेतलं. आता दर रविवारी त्या कऱ्हाडला आईकडे हायवेने जाऊन येतात. पुढच्या तीन टाक्यांत ॲव्हरेज तेराच्या वर आलं.

डीपीएफचा दिवा नुसता लागला असेल तर एकदा हायवेला ६०-८० च्या वेगात, एक गिअर खाली ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चालवून बघा. तरी विझला नाही तर तिथे थांबा, दुसऱ्यांदा प्रयत्न नको.

कोणी सांगेल, डीपीएफ पोकळ करून देतो, सॉफ्टवेअर मारून देतो, ॲव्हरेज वाढेल. करू नका. बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. डिझेलच्या पाइपला लावायची चुंबकं आणि टाकीत टाकायच्या बाटल्या यांनी एकाही वहीतला आकडा हललेला मी पाहिलेला नाही.

इथून पुढे तुमचं काम नाही

एवढं करूनही आकडा खालीच असेल तर उरतात त्या गोष्टी स्कॅनरच्या: उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह), हवेचा किंवा ऑक्सिजनचा सेन्सर, टर्बोचा फाटलेला होज, गळका इंजेक्टर, घसरणारी क्लच प्लेट. थर्मोस्टॅटची शंका तुम्हालाही घेता येते. तापमानाचा काटा अर्ध्या तासानंतरही वर येत नसेल तर इंजिन थंडच समजून जादा इंधन ओढत राहतं, आणि डिझेलमध्ये रीजनरेशनही नीट होत नाही. चढावर आरपीएम वाढतोय पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच.

पण पाना हातात घेऊ नका. कॉमन रेल डिझेलच्या, म्हणजे आताच्या डिझेल इंजिनाच्या, इंधनाच्या पाइपमध्ये १६०० ते २००० बारचं प्रेशर असतं. सैल केलेल्या नटातून निघालेली धार कातडीतून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येते. हायब्रिडमधल्या नारिंगी केबलला हात लावू नका. इंधनाचा वास, गळती, लुकलुकणारा इंजिनचा दिवा, ऑइलचा लाल दिवा, वरच्या खुणेच्या वर गेलेलं ऑइल, यातलं काहीही असेल तर गाडी बंद करा आणि उचलून न्या. वॉरंटीतली गाडी माझ्यासारख्या बाहेरच्या गॅरेजमध्ये खोलून घेऊ नका. मीही खोलत नाही.

सर्व्हिस सेंटरला जाताना वही घेऊन जा. "ॲव्हरेज कमी आहे" एवढंच जॉबकार्डवर लिहू देऊ नका. तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर, हवेचं प्रेशर, रोजचं अंतर, कुठला दिवा कधी लागला ते लिहायला लावा. त्यांच्या माणसाला शेजारी बसवून टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशी जोडीने चाचणी मागा, आणि तिचा रस्ता तुमचा रोजचा असू द्या. जॉबकार्डची प्रत घेतल्याशिवाय गाडीची चावी देऊ नका.